कढीपत्त्याची पिवळी पालवी

प्रश्न : आमच्या तिसऱ्या मजल्यावरील पूर्वेच्या खिडकीत, ग्रिलमध्ये, बारा इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत दोन वर्षांपासून कढीपत्ता आहे. गेल्या पावसाळ्यापासून नवी पालवी पिवळी येते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून दर आठवड्याला ताक घालते. दोनदा गांडूळखतही घातले. खाली पाणी गळू नये म्हणून कुंडीखाली ताटली ठेवली आहे. झाडांना इमारतीच्या बोअरचे पाणी घालते. काय चुकते आहे?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : पालवी पिवळी आणि शिरा हिरव्या, असे आपण नेमके लिहिलेत, त्यामुळे निदान सोपे झाले. नत्र कमी पडले की आधी खालची जुनी पाने पिवळी होतात, कारण झाड त्यांतले नत्र काढून शेंड्याकडे पाठवते. लोह मात्र जुन्या पानांतून सहसा हलत नाही, म्हणून त्याची उणीव कोवळ्या पानांवर दिसते. गंमत अशी की रोपवाटिकेतली लाल माती लाल दिसते तीच मुळी लोहामुळे. तेव्हा कुंडीत लोह बहुधा आहे. मुळांना ते घेता येत नाही.

याला पहिला संशयित बोअरचे पाणी. त्यातले क्षार मातीत साचून ती अल्कधर्मी होते आणि अशा मातीत लोह विरघळत नाही. कुंडीच्या आतल्या काठावर आणि ताटलीत पांढरे पूट धरले आहे का, ते पाहा. नखाने खरवडून ते पिठासारखे निघाले, तर शंकेला फारशी जागा नाही. भातसा-तानसाच्या तलावांतून येणारे पालिकेचे पाणी यापेक्षा पुष्कळच सौम्य असते, तेव्हा कढीपत्त्यापुरते रोज तांब्याभर तेच राखून ठेवावे. ताक आंबट असल्याने काकूंचा उपाय अगदीच निराधार नाही, पण आठवड्याचे वाटीभर ताक रोजच्या बोअरच्या पाण्यापुढे टिकत नाही आणि चिलटे मात्र जमवते. ते आपणच प्यावे.

दुसरा दोष ताटलीचा. तिच्यात पाणी तुंबले की मुळांना हवा मिळत नाही आणि ती काळी, लिबलिबीत होतात. कुंडी विटेच्या तुकड्यांवर उचलून ठेवावी आणि साचलेले पाणी लगेच ओतून टाकावे. डेंग्यूचा डास अशाच पाण्यात अंडी घालतो. फेब्रुवारीच्या अखेरीस झाड काढून कुजकी मुळे छाटावीत आणि लाल माती, शेणखत व कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांच्या ताज्या मिश्रणात पुन्हा लावावे. खत तोपर्यंत नको.

तूर्त एक लिटर पालिकेच्या पाण्यात २ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे पाण्यात विरघळणारा लोहाचा क्षार) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. त्यानंतर आठवडाभर त्या फांद्या खुडू नयेत, पुढेही पाने धुऊनच फोडणीत घालावीत. पिवळी झालेली सगळीच पाने हिरवी होतील असे नाही. गुण आला की नाही, हे पुढच्या पालवीवरून ठरवावे. फवारण्यापूर्वी खालच्या मजल्यावर कपडे वाळत घातलेले नाहीत ना, हे मात्र वाकून पाहावे, कारण हिराकशीचे तांबूस डाग निघता निघत नाहीत.