डोळ्यांच्या साथीत आईला मोतीबिंदूच्या तपासणीला नेलं, तर दवाखान्यातल्या यंत्रावरून तिचे डोळे येतील का?

येऊ शकतात. सोलापुरात साथ चालू असताना आईला न्यावं की थांबावं, आणि 'आम्ही सगळं स्पिरिटने पुसतो' एवढं पुरेसं आहे का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावरून मी वर्षानुवर्षं वाद घालत आलोय. पुरेसं नाही.

अशा साथीत मुख्यतः अडेनोव्हायरस किंवा एन्टेरोव्हायरस असतो. कोरोनाच्या विषाणूला चरबीचं वेष्टण असतं आणि स्पिरिट ते फोडतं. या दोघांना ते वेष्टणच नाही. त्यात स्पिरिट बघता बघता उडून जातं. ओझरता बोळा फिरवून अडेनोव्हायरस मेला असं धरून चालता येत नाही, आणि तो प्लास्टिकवर वाळलेल्या स्थितीतही कित्येक आठवडे तग धरतो.

२०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले होते, तेव्हाची इथल्या एका ओपीडीतली गोष्ट. डोळ्याचा दाब मोजायच्या टोनोमीटरचं टोक एकच. करंगळीच्या नखाहून लहान, पण थेट बुबुळाला टेकणारं. शेजारी वाटीत सकाळी नऊला भिजवलेला बोळा, अकरालाही तोच. टोक निळ्या उजेडात धरलं तर कडेला हिरवट चकाकणारी रेघ दिसायची. डोळ्यात घातलेला फ्लुरोसीन रंग तिथे वाळला होता. रंग राहिला म्हणजे आधीच्या रुग्णाचे अश्रूही राहिले. हे दाखवल्यावर मिळालेलं उत्तर होतं, "इतकी वर्षं स्पिरिटच वापरतोय, कुणाला काही झालं नाही."

झालं नाही असं नाही, कळलं नाही. अडेनोव्हायरसची लागण झाल्यावर डोळा लाल व्हायला साधारण ५ ते १२ दिवस जातात. तोवर मोहोळहून तपासायला आलेली बाई परत मोहोळला पोचलेली असते. ती घरातल्या टॉवेलला दोष देते आणि तिथल्याच डॉक्टरला दाखवते. ओपीडीच्या वहीत तिची नोंद येणार कुठून?

टोक असं साफ करायचं. आधी वाहत्या पाण्यात धुवायचं, कारण अश्रू-चिपडं राहिली की हायपोची, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटची, ताकद त्यातच खर्ची पडते. मग ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १० मिली आणि पाणी ९० मिली, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या द्रावणात टोकाचा पुढचा भागच १० मिनिटं बुडवायचा. रात्रभर ठेवलं तर टोकाचा सांधा सुटतो, चिरा पडतात आणि चिरेत पुन्हा घाण बसते. शेवटी स्वच्छ पाण्यात नीट खळबळून निर्जंतुक गॉजने कोरडं करायचं. हे चुकलं तर उरलेल्या हायपोने बुबुळ भाजतं. बुडवणं, धुणं, पुसणं मिळून १२ मिनिटं. दर ४ मिनिटांना एक रुग्ण असेल तर तीन टोकं प्रक्रियेत आणि एक हातात, अशी चार लागतात. एका टोकावर ओपीडी चालवणाऱ्याला हे जमणारच नाही, म्हणून तो स्पिरिटवर येतो. वाद खरं तर टोकं विकत घेण्याचा आहे.

द्रावण रोज ताजं हवं. कॅनवर ५ टक्के छापलेलं असतं, पण सोलापूरचा एप्रिल-मे पत्र्याखाली काढलेल्या कॅनमध्ये जुलैत तेवढं उरत नाही. क्लोरीन तपासायच्या पट्टीने एकदा बघून घ्यावं. कॅन गार, अंधाऱ्या जागी ठेवावा. आणि हायपो टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडजवळही नेऊ नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

स्लिट लॅम्पची, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या यंत्राची, हनुवटीची पट्टी, कपाळाची पट्टी, चष्म्याचा नंबर काढायची फ्रेम हेही दर रुग्णानंतर पुसायला हवं. सर्वांत दुर्लक्षित म्हणजे बाहुली मोठी करायच्या थेंबांची बाटली. बाटलीची नळी एकदा पापणीला लागली की लागण पुढच्या प्रत्येकाच्या डोळ्यात जाणार. धूर सोडणाऱ्या फॉगिंगने यातलं काहीही साफ होत नाही. हनुवटीच्या पट्टीच्या खालची बाजू ओली होत नाही, आणि ओलं झाल्याशिवाय रसायन काम करत नाही.

एवढं बोललो तरी सांगायला हवं की लागण बरीचशी हातांवरून होते, तपासणाऱ्याच्याही. टोकाचं मटेरियल कंपनीप्रमाणे बदलतं, त्यामुळे माहितीपत्रक आधी वाचावं.

आता आईचं. साधा मोतीबिंदू असेल तर दोन-तीन आठवड्यांनी बिघडत नाही, थांबा. डोळा दुखतोय, अचानक दिसेनासं झालंय किंवा काचबिंदू आहे, तर साथ असली तरी आजच न्या. सकाळी पहिला नंबर घ्या. लाल डोळेवाल्यांची रांग वेगळी आहे का ते बघा. दाब मोजण्याआधी टोक बदललं का, हे विचारा. थेंब घालताना बाटली पापणीला लागली तर नवी मागा. घरी तिचा टॉवेल वेगळा ठेवा.