रंगावर जाऊ नका, बट प्लेट काढा

प्रश्न : आजोबांची ली-एनफिल्ड रायफल माझ्याकडे आली आहे. ती कायमची निकामी केलेली आहे, कागदपत्रंही पूर्ण आहेत. बट सॉकेटवर, म्हणजे दस्ता जिथे बसतो त्या लोखंडी खोबणीवर, ‘लिथगो, १९४३’ असा शिक्का आहे. मागचा दस्ता फिकट लालसर दिसतो, तर नळीखालचं लाकूड काळपट तपकिरी. सुतार म्हणतात, दोन्ही अक्रोडच. काचकागदाने घासून एका रंगात आणू. करू का? आणि लाकूड खरंच अक्रोड आहे का?

उत्तर : सुतारांना आधी थांबवा.

ब्रिटिश लष्करी रायफल म्हटली की लाकूड अक्रोडाचं, हे गणित इंग्लंडमधल्या जुन्या रायफलींना बऱ्यापैकी लागू पडतं. तुमची रायफल ऑस्ट्रेलियातली आहे. न्यू साउथ वेल्समधल्या लिथगोच्या कारखान्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथलीच दोन लाकडं वापरात होती, क्वीन्सलँड मेपल आणि कोचवुड. यातलं मेपल नावापुरतंच मेपल. हे झाड खरं तर लिंबाच्या कुळातलं.

आता ओळखायचं कसं? रंग विसरा. वर्षानुवर्षांचं तेल, ग्रीस, हातांचा मळ आणि मध्येच कुणीतरी फासलेलं रंगाचं पॉलिश यांनी बर्चसारखं फिकट लाकूडसुद्धा अक्रोडासारखं दिसायला लागतं. मी जुन्या लाकडी वस्तूंच्या जतनाचं काम करते. लाकूड ओळखायला कुणी रायफल आणली, की मी पहिल्यांदा दस्त्याच्या टोकाची बट प्लेट काढते. दोन स्क्रू असतात. पात्याची धार स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या, नाहीतर खाच चेपते आणि ती चेपलेली खाच पुढे जन्मभर डोळ्यात खुपते. प्लेटखाली लाकडाचं आडवं कापलेलं तोंड दिसतं. तिथे सहसा कुणी पॉलिश केलेलं नसतं. धारदार ब्लेडने नखाएवढी जागा एकाच ओढीत साफ करा, किंचित ओलं बोट फिरवा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा.

अक्रोडाची छिद्रं नुसत्या डोळ्यांनाही टिपक्यांसारखी दिसतात. लांबीच्या बाजूने पाहिलं तर तीच सुईने ओरखडल्यासारख्या बारीक काळ्या रेघा होतात. लाकूड करडेपणाकडे झुकलेलं तपकिरी असतं. क्वीन्सलँड मेपलची छिद्रंही दिसतात, म्हणूनच गल्लत होते. पण त्याचे तंतू थराथराने उलटसुलट वळलेले असतात. दस्ता उजेडात तिरका करा : मघाशी गडद दिसलेला पट्टा फिकट झाला आणि शेजारचा गडद, तर पारडं मेपलच्या बाजूने झुकतं. ताज्या ओरखड्याखालचा रंगही गुलाबीसर असतो. कोचवुडचा पोत फार बारीक. छिद्रं भिंगाशिवाय सापडत नाहीत आणि ताज्या कापाला जळक्या साखरेसारखा गोडसर वास येतो. इतक्या वर्षांच्या तेलाखाली तो वास येईलच, असं मात्र समजू नका.

बीच आणि बर्च तुमच्या रायफलीत असण्याची शक्यता कमी, पण इतर वाचकांसाठी सांगते. बीचच्या पृष्ठभागावर पेन्सिलीने मारल्यासारखे आखूड, गडद ठिपके-रेघा सगळीकडे दिसतात. ते एकदा ओळखलं की पुन्हा चुकत नाही. बर्च गुळगुळीत आणि फिकट असतो, आणि त्यावर असल्या रेघा नसतात. सोव्हिएत मोसिन-नागांत रायफलींचा लालसर-केशरी कुंदा बहुतेक वेळा बर्चचा असतो, रंग दिसतो तो वरच्या शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा. जर्मन मॉझर के-९८च्या कुंद्यावर एकसारखे समांतर पट्टे दिसले, तर ते बीचचे पातळ थर चिकटवून केलेलं लाकूड आहे.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा की दस्ता एका लाकडाचा आणि पुढचा भाग दुसऱ्याचा असावा. यात काही बिघडलेलं नाही. लष्करी दुरुस्तीत जो भाग हाताशी असेल तो बसवत. एकसारखा रंग हा शोकेसचा हट्ट आहे.

काचकागदाला माझा विरोध याचसाठी. लाकडावर ‘एसएलएझेड’ अशी इंग्रजी अक्षरं कुठे दिसतात का पाहा. टेनिसच्या रॅकेटी करणाऱ्या स्लॅझेंजरने युद्धकाळात लिथगोसाठी ही लाकडं केली, त्यांचा तो शिक्का. तो खोल नसतो, चार हात घासले की गेला. शिवाय लाकूड घासून खाली गेलं की लोखंडाच्या कडा वर उठून दिसतात, आणि ते पुन्हा भरून काढता येत नाही.

आणखी एक. लाकूड सुटं करायचंच असेल, तर तुमच्या या मॉडेलमध्ये पुढचा भाग आधी काढा, दस्ता नंतर. दस्त्याच्या आतल्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. दस्ता आधी फिरवलात तर पुढचं लाकूड मागून चिरतं. पुढचा भाग निघाल्यावर आत, चापाजवळच्या खाचांत, तांब्याच्या छोट्या पट्ट्या दिसल्या तर त्या कुणाची जुगाड-दुरुस्ती समजून उपटू नका. धक्क्याने लाकूड चेपू नये म्हणून लिथगोनेच त्या बसवल्या आहेत.

प्रश्न (याच वाचकांचा) : मग साफ कशाने करू? व्हार्निश चालेल?

उत्तर : व्हार्निश नको. मिनरल टर्पेंटाइनमध्ये जेमतेम ओला केलेला सुती कपडा फिरवा, मळ सुटेल तेवढाच सोडवा. शिक्क्यांवर जोर नको. तंतू तुटलेले नसतील अशा पोचांवर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवा. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. शिक्क्याच्या आसपास हे करू नका, कारण शिक्का म्हणजेही दाबलेलं लाकूडच. मग कच्चं जवसाचं तेल, तळहाताने, अगदी पातळ. जास्तीचं लगेच पुसा आणि पुरतं सुकल्याशिवाय दुसरा हात देऊ नका. कच्चं तेल सुकायला दिवसच्या दिवस लावतं. घाई असेल तर ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणारं, लवकर सुकणारं जवसाचं तेल घ्या. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.