निरोचं फिडल आणि पंचांची तालीम

प्रश्न: सर, मार्चमध्ये आमच्या गावच्या काजूच्या डोंगराला आग लागली. दुपारपासून आम्ही हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होतो. आमच्या वॉर्डाचे पंच मात्र फोन बंद ठेवून जात्रेच्या नाटकाच्या तालमीला बसले होते. पुढच्या ग्रामसभेत मी उठून म्हणालो, "रोम जळत होतं तेव्हा निरो फिडल वाजवत होता, तशी ही गत." टाळ्या पडल्या. तेवढ्यात कॉलेजात जाणारी एक मुलगी उभी राहिली नि म्हणाली, "काका, तेव्हा फिडल नव्हतंच." सगळे हसले, पंचसुद्धा. माझा मुद्दा तिथंच बुडाला. ती खरं बोलली का? मग निरो चांगला होता म्हणायचं का?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर: मुलगी खरं बोलली. माझ्याकडून तिला शाबासकी सांगा. तुमच्या बुडालेल्या मुद्द्याचं काय करायचं ते नंतर बघू.

फिडल म्हणजे व्हायोलिन. त्याला आजचं रूप आलं ते 16व्या शतकात, इटलीत. आल्बुकर्कने गोवा घेतला 1510 साली. म्हणजे आमच्याकडे म्हातारी माणसं ज्याला रबेक म्हणत ते वाद्य आणि आमच्यावरची पोर्तुगीज राजवट, दोघं जवळपास एकाच वयाची. रोमला आग लागली इसवी सन 64 मध्ये. मध्ये दीडेक हजार वर्षं गेली. रोमचा सम्राट निरो वाजवायचा ती किथारा: लाकडी चौकटीवर ताणलेल्या तारा, बोटांनी नाहीतर नखीने छेडायच्या. गजाचा संबंध नाही. फिडल त्याच्या हातात दिलं इंग्रजी म्हणीने, आणि आमच्या अग्रलेखवाल्यांनी ती जशीच्या तशी उचलली.

आता आगीकडे वळू. 18 जुलैच्या रात्री सर्कस मॅक्सिमस या शर्यतीच्या मैदानाला लागून असलेल्या दुकानांत ती पेटली. सहा दिवस जळत राहिली, विझली म्हणेपर्यंत पुन्हा भडकली. शहराच्या 14 भागांपैकी 3 पार जमीनदोस्त झाले, 7 भागांत होरपळलेल्या भिंती उरल्या, 4 वाचले. निरो त्या वेळी रोममध्ये नव्हताच. तो अँटियमला होता, समुद्रकाठी, साधारण 50 किलोमीटरवर. तो परत आला, पण आग त्याच्या स्वतःच्या वाड्याजवळ पोचल्यावर, हेही रोमन इतिहासकार टॅसिटस नोंदवून ठेवतो. आल्यावर त्याने बेघर झालेल्यांसाठी मार्सचं मैदान आणि स्वतःच्या बागा उघडल्या, तात्पुरते निवारे उभारले, ओस्टिया बंदरातून सामान आणवलं, धान्याचा भाव 3 सेस्टर्सपर्यंत (हे रोमन नाणं) उतरवला. पुढे शहर बांधताना रस्ते रुंद केले, घरांच्या उंचीला मर्यादा घातली आणि दोन घरांत एकच सामाईक भिंत ठेवायला बंदी केली.

मग ते गाणं आलं कुठून? टॅसिटस सांगतो की अशी आवई उठली होती: शहर जळत असताना निरो घरच्या रंगमंचावर चढून ट्रॉयच्या नाशाचं गीत गायला. आवई, एवढंच. सम्राटांची चरित्रं लिहिणाऱ्या सुएटोनियसकडे येईपर्यंत तीच गोष्ट पक्की होते आणि निरो एका मनोऱ्यावरून, नाटकाच्या पोशाखात गातो. डिओ कॅसियस हा नंतरचा इतिहासकार त्याला राजवाड्याच्या छपरावर नेतो. आगीच्या वर्षी टॅसिटस जेमतेम आठेक वर्षांचा, सुएटोनियस जन्मलाही नव्हता आणि डिओ तर शंभरावर वर्षांनी लिहीत होता. आमच्याकडे देवचार (गावाची राखण करणारं भूत) पाहिलेला माणूस कधी भेटत नाही, पाहिलेल्याचा मावसभाऊ भेटतो, तसंच हे.

तरी ही आवई निरोलाच का चिकटली? कारण तो खरोखर गात असे, आणि गाण्याचं त्याला वेड होतं. आवाज कमवायला तो छातीवर शिशाचा पत्रा ठेवून उताणा पडे. महिन्यातले काही ठरावीक दिवस तेलातल्या कांद्याच्या पातीसारख्या भाजीशिवाय काही खात नसे, भाकरीसुद्धा नाही. तो गात असताना नाट्यगृहातून उठून जायला मनाई होती. म्हणून काही जण मागच्या भिंतीवरून उड्या टाकत, तर काही मेल्याचं सोंग घेऊन स्वतःला बाहेर उचलून नेववत, असं सुएटोनियस लिहितो. (यातलं निम्मं सोडून द्या, तरी उरलेलं पुष्कळ आहे.) 67 साली ऑलिंपियाला तो दहा घोड्यांच्या रथातून खाली पडला, शर्यत पुरी केली नाही, आणि मुकुट त्यालाच मिळाला. ग्रीसच्या त्या दौऱ्यात त्याने एकूण 1808 मुकुट जिंकले, असा डिओचा आकडा. जात्रेच्या नाटकात पंचांना वन्स मोअर मिळतो तेव्हा तो गळ्याला असतो की खुर्चीला, हे तुम्हीच जाणे.

रोमन सिनेटरांना मात्र याची किळस होती. त्यांच्या कायद्यात नट म्हणजे हलक्या दर्जाचा माणूस. सम्राटाने तोंडाला रंग लावावा हा त्यांच्या लेखी जवळजवळ खुनाइतका गुन्हा होता. आणि इतिहास लिहिला तो याच वर्गाने. मी स्वतः बारा वर्षं आमच्या गावच्या जात्रेत रंग लावला आहे. गोव्यात भटजी, मास्तर, पोस्टमन कोणीही समईपुढे नमस्कार करून उभा राहतो, त्यामुळे ही किळस मला कळतच नाही. निरोच्या बदनामीतून मी तेवढा भाग खुशाल वजा करतो.

उरतं ते कमी नाही. 54 साली, सतराव्या वर्षी तो गादीवर आला. त्याचा गुरू सेनेका आणि पहारेकरी फौजेचा प्रमुख बुरस यांच्या सल्ल्याने पहिली काही वर्षं बरी गेली. 59 मध्ये त्याने आईला, अग्रिपिनाला मारवलं. आधी मोडणाऱ्या नावेचा बेत केला, ती पोहून काठाला लागली, तेव्हा शिपाई पाठवले. 62 मध्ये बायको ऑक्टेविया. आगीनंतर जळालेल्या जागेत त्याने स्वतःसाठी तळ्यासकट सोन्याचा वाडा उभारला. लोक संशय घेऊ लागले तेव्हा ख्रिस्ती लोकांना पकडलं. काहींना कुत्र्यांकडून फाडवलं, काहींना क्रुसावर चढवलं, काहींना रात्रीच्या दिव्यांसारखं जाळलं. घर जळालेल्यांसाठी बागा उघडणाऱ्याने या तमाशालाही आपल्या बागा दिल्या. फिडल काढून घेतलं म्हणून असा माणूस चांगला ठरत नाही.

आणि तरीही 68 साली, तिसाव्या वर्षी त्याने जीव दिल्यावर कितीतरी काळ कोणीतरी त्याच्या थडग्यावर फुलं ठेवत होतं. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला, तसे पुढच्या वीसेक वर्षांत निरोचेही तोतये निघाले आणि त्यांच्यामागे माणसं गोळा झाली. ज्याचा सगळ्यांनाच तिटकारा आहे त्याचा तोतया कोण होईल? पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस तर स्पष्टच लिहितो की निरोवर लिहिताना काहींनी उपकारापोटी सत्य सोडलं, काहींनी द्वेषापोटी.

राहता राहिला तुमचा मुद्दा. पुढच्या ग्रामसभेत फिडल काढूच नका. एवढंच म्हणा: "निरोसुद्धा अँटियमहून परत आला होता." त्या मुलीच्या शेजारी बसा, ती दुजोरा देईल.

प्रश्न: आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्याने सांगितलं की बायबलमधला 666 हा आकडा म्हणजे निरो. खरं का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: बऱ्याच अभ्यासकांना तसंच वाटतं. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो. 'नेरोन केसर' ही अक्षरं मांडून बेरीज केली की 666 येते. शेवटचा 'न' गाळला, लॅटिन उच्चारासारखा, तर त्याचे 50 वजा होऊन 616 उरतात. हा आकडा बायबलच्या ज्या पुस्तकात येतो त्या प्रकटीकरणाच्या काही जुन्या हस्तलिखितांत नेमका 616 हाच आकडा सापडतो.

प्रश्न: निरो म्हणायचं की नेरो?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर: लॅटिनला 'नेरो' जवळचा, मराठीत 'निरो' रुळला. परीक्षेत काहीही लिही. आमचे एक काका लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात शिकलेले, ते पोर्तुगीज वळणाने 'नेरू' म्हणायचे. 1961च्या सुमारास पडवीत बसून त्यांनी आम्हा पोरांना ही आगीची गोष्ट सांगितली, आणि रोम दिल्लीच्या पंतप्रधानांनी कशाला जाळलं, हे मला कितीतरी दिवस कळत नव्हतं.