शेतकरी चळवळीतला माणूस खासदार झाला, तर शेतकऱ्याला खरंच काही फरक पडतो का?

मी शिरोळ तालुक्यातला, अडीच एकर ऊस. त्यामुळे लांबची उदाहरणं न देता आमच्या राजू शेट्टींचंच सांगतो. मी त्यांना दोनदा मत दिलंय आणि नंतर एकदा दिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

कागदावरचं नाव देवाप्पा अण्णा शेट्टी. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत तयार झालेले. जोशी भाजपच्या जवळ गेले तसे हे बाहेर पडले आणि 'स्वाभिमानी शेतकरी संघटना' उभी केली. २००२ ला जिल्हा परिषद, २००४ ला आमदार, २००९ ला हातकणंगल्यातून खासदार. हाताशी साखर कारखाना नाही, बँक नाही. आमच्या भागात यातलं काहीच नसताना निवडून येणं म्हणजे काय, ते इथल्यालाच कळतं. 'एक नोट, एक व्होट' म्हणत लोकांनी वर्गणी काढली. माझे शंभर रुपये त्यात होते. समोरच्या उमेदवार, राष्ट्रवादीच्या निवेदिता माने सुमारे ९५ हजारांनी पडल्या.

पण त्यांचं खरं सभागृह दिल्लीत नव्हतंच, जयसिंगपुरात होतं. दर वर्षी गाळप सुरू व्हायच्या तोंडावर तिथं ऊस परिषद भरते आणि पहिली उचल, म्हणजे उसाच्या बिलाचा पहिला हप्ता, किती मागायची ते मैदानात ठरतं. मग ऊसतोड बंद, ट्रॅक्टर अडव, कधी टायरची हवा सोड. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच असा किमान दर, केंद्र सरकार ठरवतं आणि ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. नियम असून बिलाला उशीर का व्हायचा? कारण कारखान्याचा चेअरमन, आमदार आणि जिल्हा बँकेचा संचालक बऱ्याचदा एकाच घरातले. तक्रार करायची कुणाकडे? आंदोलनाच्या धाकानं ही गाठ थोडी सैल झाली. शेजारच्या गावांत ज्यांनी शेट्टींना जन्मात मत दिलं नाही, त्यांच्या खात्यावरही तो वाढीव दर जमा झालाच की.

लोकसभेत काय झालं? २०१४ ला ते भाजपच्या युतीत गेले (ज्या कारणावरून जोशींना सोडलं, तेच!) आणि पावणेदोन लाखांवर मताधिक्यानं जिंकले. २०१७ ला युती सोडली. त्याच सुमारास संघटनेतले त्यांचे सहकारी सदाभाऊ खोतही वेगळे झाले, तेव्हा खोत राज्यात मंत्री होते. २०१८ ला शेट्टींनी दोन खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या खासदारानं मांडलेली) मांडली, एक कर्जमुक्तीचं, दुसरं हमीभावाच्या हक्काचं. देशभरच्या शेतकरी संघटना मागे होत्या. पण १९७० नंतर आपल्या संसदेत एकही खासगी विधेयक मंजूर झालेलं नाही. एकट्या खासदाराची ताकद तिथं तेवढीच. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी दुधासाठी लिटरमागे पाच रुपये मागत मुंबईचा पुरवठा रोखला, त्यावर सरकार चार दिवसांत हललं.

२०१९ ला मात्र निवेदिताताईंचे चिरंजीव धैर्यशील माने यांनी त्यांना सुमारे ९६ हजारांनी पाडलं. आईच्या पराभवाचा हिशेब जवळजवळ आकड्यासकट फिटला. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवारानं लाखावर मतं घेतली, हे एक कारण सांगतात. दुसरं कारण माझ्यासारखे. ज्यांच्या विरोधात वीस वर्षं बोंब मारली त्या कारखानदारांच्याच काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीत ते गेले, हे मला पचलं नाही, म्हणून मी घरी बसलो. आता वाटतं, तेव्हा जरा जास्तच ताणलं मी. २०२४ ला ते एकटे लढले आणि तिसऱ्या नंबरावर गेले, पावणेदोन लाखांच्या आसपास मतं. आमच्याकडे सरळ बोललं जातं: दराला शेट्टी, मताला दुसरं कुणी.

तर फरक पडतो का? माझ्या मते पडला तो आंदोलनाने. खासदारकीमुळे त्या आंदोलनाचं वजन वाढलं एवढंच. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत द्यायचा आदेश काढला होता. शेट्टी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये तो आदेश रद्द झाला. तेव्हा ते ना खासदार होते, ना आमदार.