टर्बो इंजिनातील बूस्टची गळती घरच्या घरी तपासता येते का?

होय, येते. बूस्ट म्हणजे टर्बोने दाबून इंजिनाकडे पाठवलेली हवा. गाडीची ओढ कमी झाली असेल, वेग घेताना सूं असा आवाज येत असेल आणि डिझेल गाडी काळा धूर सोडत असेल, तर टर्बो बदलण्याआधी ही तपासणी अवश्य करावी.

इंजिन बंद आणि थंड असताना एअर फिल्टरकडून येणारा पाइप टर्बोच्या तोंडावरून काढावा आणि तेथे टायरचा व्हॉल्व्ह बसवलेले पीव्हीसीचे टोपण क्लिपने घट्ट आवळावे. इंजिनाच्या ब्रीदरची (आतील वायू बाहेर सोडणारी) नळी त्याच पाइपला येत असल्यास तीही बंद करावी. मग रेग्युलेटर असलेल्या कॉम्प्रेसरने हवा हळूहळू, सुमारे १० पीएसआयपर्यंत भरावी. टोपण सुटून जोरात उडू शकते, म्हणून त्याच्या समोर कधीही उभे राहू नये.

आता प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी शिंपडावे. इंटरकूलरच्या (टर्बोकडून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) होजची खालची बाजू विशेष बारकाईने पाहावी, कारण तेलकट धुळीखाली दडलेली चीर एरवी मिटलेली असते आणि दाब येताच उघडून बुडबुडे सोडते. इंजिनाच्या उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून थोडी हवा आत जाणारच. ती गळती समजू नये. टोपण काढण्यापूर्वी दाब पूर्ण सोडावा.