वरणाच्या पाण्यावर बाळ वाढत नाही

नातवंडं परदेशात आणि आजी-आजोबा कोल्हापुरात. त्यामुळं बाळाच्या वरच्या खाण्याचे तेच तेच प्रश्न माझ्या टेबलावर येतात.

प्रश्न : सून जर्मनीत आहे. तिथले डॉक्टर पाचव्या महिन्यातच गाजर सुरू करा म्हणतात. आपल्यात तर सहा महिने फक्त अंगावरचं दूध. खरं कुणाचं?

जागतिक आरोग्य संघटना सहा महिने, म्हणजे १८० दिवस सांगते. जर्मनीत पाचव्या महिन्याच्या सुरुवातीआधी नको आणि सातव्याच्या सुरुवातीपेक्षा उशीर नको, असं सांगतात. भांडण्यासारखं काही नाही. बाळ मान धरतं का, आधारानं बसतं का, हे बघून तिथलेच डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : उष्टावणाला मध चाटवला तर?

नाही. वर्षाचं होईपर्यंत बोटभरसुद्धा नाही, गुटीत उगाळूनही नाही. मधात बॉट्युलिझमच्या, म्हणजे बाळाचं अंग लुळं पाडणाऱ्या गंभीर आजाराच्या, जंतूंचे बीजाणू असू शकतात.

प्रश्न : लंडनची नर्स मीठ घालू नका म्हणते. अळणी कसं खाईल?

खातं. अळणी आपल्याला लागतं, त्याला नाही. वर्षभर मीठ, साखर, गूळ नको, काकवीही नको.

प्रश्न : मी टोरांटोला नाचणीचं सत्त्व पाठवलं. लेक म्हणते, इथले डॉक्टर पहिल्यांदा मटण वाटून द्या म्हणतात. सात महिन्यांच्या बाळाला मटण? आम्ही तर वरणाचं पाणी आणि पेज देऊनच पोरं वाढवली.

आजी, रागावू नका, पण वरणाच्या पाण्यात डाळ असते कुठं? डाळ तळाला, पाणी बाळाला! पोट वाटीएवढं, ते पाण्यानंच भरलं की वजन जागेवर. चमचा तिरका करून बघा. घास घरंगळून सांडला तर पातळ, चिकटून राहिला तर बरोबर. मुगाची खिचडी तूप घालून मऊ मोडा, मिक्सरमधून पाणचट करू नका.

आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो, आणि दुधात लोह थोडंच. म्हणून कॅनडात मांस, मासे, अंडी, डाळी असं लोहाचं अन्न आधी सांगतात. नाचणीत कॅल्शियम भरपूर, पण सत्त्व करताना कोंडा जातो आणि त्याबरोबर लोहही. तेव्हा सत्त्व द्या, पण त्यावरच थांबू नका. मटण म्हणजे पांढरा रस्सा नव्हे. मऊ शिजवून बारीक वाटलेलं, बिनतिखटाचं. न खाणाऱ्यांनी डाळ-उसळ घोटून वर लिंबू पिळावं. लोहाचं औषध मात्र तिथल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

प्रश्न : ‘मेंदूच्या वाढीसाठी’ अशी पावडर जाहिरातीत बघितली. पाठवू का?

नको. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अन्नाची जाहिरात करायलाच आपल्याकडं १९९२च्या कायद्यानं बंदी आहे.

प्रश्न : शेंगदाण्यानं ॲलर्जी होते म्हणून तीन वर्षं थांबू का?

थांबू नका. लंडनच्या २०१५च्या अभ्यासात जास्त धोक्यातल्या बाळांना लवकर शेंगदाणा दिल्यावर ॲलर्जी कमी झाली. अख्खा दाणा घशात अडकतो, म्हणून बारीक कूट पातळ करून द्या. अंगावर इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टर, मग कूट.

प्रश्न : व्हिडिओ कॉलवर बाळ बारीक दिसतं. तुम्ही बघून सांगाल का?

नाही. तिथला वजनाचा तक्ता मागवा.