परत येणारा मास्टर

पुणे

प्रिय दोस्ता,

चाकणच्या कारखान्यासाठी केलेला दोन कोअर स्विचचा (सगळं नेटवर्क जिथे एकत्र येतं त्या मुख्य स्विचचा) आराखडा पाहिला. एक स्विच बंद पडला तर काय करायचं, हे तू नीट मांडलंयस. तो परत चालू होईल तेव्हा काय होईल, याबद्दल मात्र एक ओळही नाही. आणि गडबड बहुतेक वेळा तिथेच होते.

आधी ओएसपीएफ, म्हणजे स्विच आणि राउटर एकमेकांना वाटा कळवतात तो प्रोटोकॉल. राउटर-आयडी (त्यातली स्विचची ओळख) हातानं दे. आपोआप निवडू दिलास, तर नवा इंटरफेस वाढल्यावर पुढच्या रीस्टार्टला तो बदलू शकतो. दोनच टोकं असलेल्या लिंकवर नेटवर्क टाइप पॉइंट-टू-पॉइंट ठेव, दोन्हीकडे तोच. डीआर-बीडीआरच्या (लिंकवरचा मुख्य आणि राखीव राउटर ठरवण्याच्या) निवडणुकीचा वेळ वाचतो. युजर व्हीलॅन (वापरणाऱ्यांच्या मशिनींचे वेगळे गट) पॅसिव्ह कर, म्हणजे तिथे ओएसपीएफ नेबर, म्हणजे शेजारी राउटर, शोधत बसणार नाही. रेफरन्स बँडविड्थ, म्हणजे ज्या आकड्याला लिंकच्या वेगानं भागून वाटेची कॉस्ट निघते तो, बहुतेक स्विचवर मुळात १०० एमबीपीएस असते, त्यामुळे १ गिग आणि १० गिग दोन्हींची कॉस्ट १ येते आणि मंद वाटेवरूनही ट्रॅफिक जातं. ती वाढव, पण सगळ्या डब्यांवर एकसारखी. नेबर एक्सस्टार्टला (नातं जुळण्याच्या मधल्या टप्प्याला) अडकला तर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) बघ: एकीकडे १५०० आणि दुसरीकडे ९००० असणार. नेबर दिसतच नसेल, तर एरिया, टायमर आणि ऑथेंटिकेशन तपास.

हॅलो (मी आहे असा निरोप) दर १० सेकंदांनी, डेड (निरोप आला नाही तर नेबर गेला असं धरण्याची मुदत) ४० सेकंद. केबल सरळ तुटली तर पोर्ट लगेच पडतं आणि ४० सेकंद थांबावं लागत नाही. मध्ये मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची केबल फायबरला जोडणारा डबा) असला की पलीकडची फायबर तुटूनही आपलं पोर्ट हिरवंच दिसत राहू शकतं. अशा लिंकवर बीएफडी (लिंक जिवंत आहे का हे झपाट्यानं तपासणारा प्रोटोकॉल) लाव. ३०० मिलिसेकंद आणि ३ चा गुणक, म्हणजे सेकंदाच्या आत कळतं.

आता गेटवे, म्हणजे मशिनींचं ट्रॅफिक बाहेर नेणारा पत्ता. व्हीआरआरपीत (हा पत्ता एक स्विच सांभाळतो तो मास्टर, दुसरा बॅकअप, असं ठरवणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) पहिल्या स्विचला ११० प्रायॉरिटी, दुसऱ्याला मूळची १०० राहू दे. मास्टरची जाहिरात (मी चालू आहे असा निरोप) दर सेकंदाला जाते, तीन चुकल्या की दुसरा ताबा घेतो. ज्या व्हीलॅनचा मास्टर जो, त्याचा स्पॅनिंग ट्रीचा (स्विचमधली चक्रं तोडणाऱ्या प्रोटोकॉलचा) रूटही तोच हवा. नाहीतर प्रत्येक पॅकेट दोन कोअरमधल्या लिंकवरून उगाच हेलपाटा घालतं. अपलिंक (बाहेर जाणारी लिंक) ट्रॅक करताना, म्हणजे ती पडली की प्रायॉरिटी कमी करताना, तू १० वजा केलेत. त्यानं काही होणार नाही: १०० विरुद्ध १०० झालं की बॅकअप चालू मास्टरला हटवत नाही. २० वजा कर. खरं तर दोन कोअरमध्ये वेगळी लेअर-थ्री (राउटिंगची) लिंक असेल, तर अपलिंक गेल्यावर ट्रॅफिक शेजाऱ्यामार्फत आपोआप जातं आणि ट्रॅकिंगची फारशी गरज उरत नाही. मला तीच रचना आवडते.

आता परत येण्याचं. वीज येते, स्विच उठतो, व्हीलॅन इंटरफेस अप होतो आणि व्हीआरआरपी म्हणतं, माझे ११०, मीच मास्टर. तेव्हा ओएसपीएफचं नातं जुळलेलंही नसतं. राउट टेबल रिकामं. सगळ्या मशिनी आपलं ट्रॅफिक त्याच्याकडे देतात आणि तो ते टाकून देतो. बॅकअप धडधाकट असून लाइन बंद! म्हणून प्रीएम्प्टला (जास्त प्रायॉरिटीवाल्यानं ताबा परत घेण्याला) डिले दे. नेबर फुल होऊन (नातं पूर्ण जुळून) राउट बसायला किती सेकंद लागतात ते मोज आणि त्याच्या दुप्पट ठेव. मोजेपर्यंत १८० सेकंद धर. सोबत ओएसपीएफला सुरुवातीची काही मिनिटं मॅक्स-मेट्रिक (वाटेची सर्वात जास्त कॉस्ट) जाहीर करायला सांग, म्हणजे फायरवॉलही घाईनं त्याच्याकडे वळणार नाही. वीज दोन-तीनदा ये-जा करून मग स्थिरावते, तेव्हाही हा डिले कामाला येतो.

दोन पॉवर सप्लाय एकाच यूपीएसवर दिसतात, वेगळे कर. दोन कंपन्यांच्या फायबर घेतल्यास, पण गेटपासून दोन्ही एकाच चरातून येत असतील तर एक जेसीबी दोन्ही नेईल. मार्गाचा नकाशा लेखी माग.

चाचणी साप्ताहिक सुट्टीला घे. युजरच्या पीसीवरून सेकंदाला १० पिंग सोड, मास्टरची वीज काढ, हुकलेले मोज. मग वीज परत दे आणि पुढची दहा मिनिटं तिथून हलू नकोस. तेव्हा किती हुकले, तेही मोज. मला दोन्ही आकडे हवेत, पण दुसरा आधी कळव.

तुझा,
काका